सुक्या मासळीचं पाकीट: नोंदी, जानेवारी ते मे

६ जानेवारी

मालवणकडच्या गाबीत, म्हणजे मच्छीमारांच्या, वाडीतल्या महिला गटाची सुकी मासळी आजवर बिननावाच्या पिशवीतून जाते. तिला नाव, चिन्ह, पाकीट आणि आठवडा बाजारात टेबलामागे लावायला एक पडदा, एवढं द्यायचं आहे. माल चार प्रकारचा: बांगडा, पेडवे (तारली), गोलमा (जवळा), सोडे (सोललेली सुकी कोळंबी). मुदत आगोटीची, म्हणजे पावसाआधीच्या बेगमीची. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते, ताजी मासळी आटते, आणि लोक त्याआधीच डबे भरून ठेवतात. म्हणजे छापलेला माल एप्रिलअखेर हातात हवा. मेच्या शेवटी पाकीट तयार झालं तर ते पुढच्या वर्षासाठीच.

घरचं काम म्हणून कागद करायचा नाही, ही इथली रीत. ती मोडली. एका पानावर लिहून घेतलं: चिन्हाचे तीन कच्चे नमुने, दुरुस्तीच्या दोन फेऱ्या, चार लेबलं, मूळ फाइली गटाच्या मालकीच्या, आणि मंजुरी कोणाची. शेवटच्या मुद्द्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. वाडीत मत प्रत्येकाला असतं, मुंबईला असलेल्या भाच्यालाही. मंजुरी तिघींची ठरली: एक मासळी सुकवणारी, एक बाजारात बसणारी, एक हिशेब लिहिणारी. बाकीच्यांचं म्हणणं वहीत उतरवायचं, फाइल हलवायची नाही.

ट्रेडमार्कचा अर्ज जाईपर्यंत निवडलेलं नाव इथे लिहीत नाही. सुकी मासळी वर्ग २९ मध्ये येते. व्यक्ती किंवा लहान उद्योग म्हणून ऑनलाइन अर्ज केला तर एका वर्गाचं शुल्क ४,५०० रुपये. 'मालवणी' हा शब्द एकटा नोंदवून मिळत नाही, तो ठिकाणाचा आणि चवीच्या प्रकाराचा शब्द आहे. नावात जोडीला ठेवता येतो, पण उद्या शेजारच्याने वापरला तर अडवता येत नाही. यादीतली पाच नावं इथेच गळली.

१५ जानेवारी

चित्रांची छाननी. छापखान्यातून नमुना म्हणून आलेल्या लेबलावर कमरेला घट्ट लुगडं, डोक्यावर टोपली घेतलेली बाई आणि लाल टोपीतला नाखवा. तिघींपैकी पहिलीने बघितलं आणि म्हणाली, "हो आमचो नाय." तो पेहराव मुंबई-रायगडच्या कोळीवाड्यातला. मासळी म्हटलं की चित्रसंग्रहातून तोच बाहेर येतो. गिऱ्हाईक पुण्याचं असेल तर त्याला फरक कळणारही नाही, पण हे पाकीट आधी मालवणच्या बाजारात वाडीतल्याच माणसांसमोर मांडलं जाणार आहे.

जाळ्याचं चित्र त्याहून नाजूक. संग्रहात जाळी तीन तऱ्हेची सापडतात.

बोटीच्या कडेला मासळीने फुगलेलं, वर ओढलं जाणारं गोल जाळं. दिसायला भरगच्च, पण ते पर्ससीनचं, म्हणजे मासळीचा अख्खा थवा घेरणारं मोठ्या बोटीचं जाळं. पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले यांचा या किनाऱ्यावर वर्षानुवर्षं वाद चालू आहे. शासनाने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी पर्ससीनवर निर्बंध आणले तरी तो मिटलेला नाही. ते चित्र रापणकरांच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्यांच्या, पाकिटावर गेलं असतं तर पाकीट बाजारात उघडायच्या आधीच भांडण उघडलं असतं.

हवेत फेकलेलं वर्तुळाकार जाळं म्हणजे पाग. फोटोत सुंदर दिसतं, पण ते एकट्या माणसाचं, बहुतेक खाडीतलं काम.

तिसरी रापण. होडीने समुद्रात अर्धवर्तुळ घालून जाळं सोडायचं आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचे. मग मिळालेल्या मासळीचे वाटे. संग्रहात रापणीचं एकही चित्र मिळालं नाही. चिन्ह इथूनच काढायचं ठरलं: एक कमान, तिच्या दोन्ही टोकांना दोराची रेघ, खाली किनाऱ्याची आडवी रेषा. होडी हवी की नको, पुढच्या फेरीत.

तरुण मुलांची मागणी सिंधुदुर्ग किल्ला आणि महाराजांच्या चित्राची. महाराजांचं नाव किंवा चित्र मालाच्या विक्रीसाठी वापरायला बोधचिन्हे व नावे (अनुचित वापरास प्रतिबंध) अधिनियम, १९५० आड येतो, त्याच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराजांचा उल्लेख आहे. पण मुलांना पटलं ते दुसरंच कारण: पाकीट रिकामं झालं की ते उकिरड्यावर जातं. किल्ल्याला कायदा आड येत नव्हता, पण तटबंदीची आकृती २० मिलिमीटर रुंदीवर काढली की पावाची लादी दिसते.

१९ जानेवारी

बोंबील घ्यायचे का? मागणी आहे. पण इथे विकला जाणारा सुका बोंबील बराचसा उत्तरेकडून, पालघरच्या बाजूने येतो. रापणीचं चिन्ह लावून तो विकणं खोटं ठरेल. यादीत घेतला नाही.

३ फेब्रुवारी

जिनसांची नावं. वरवर सोपं, प्रत्यक्षात तीन बैठका.

उत्तर कोकणात जवळा, इथे गोलमा, वाडीत बोलताना गोलमो. इथले पेडवे बाहेरच्याला तारली म्हणून माहीत. बांगड्याला सगळीकडे बांगडाच म्हणतात, पण वाडीत तो 'सुको बांगडो'. पाकिटावर कोणता शब्द मोठा?

मत विचारायची पद्धत आधी बदलावी लागली. "कसं वाटतं?" विचारलं की आपली माणसं "बरा आसा" म्हणतात आणि विषय संपतो. त्याऐवजी चार कागद टेबलावर उलटे ठेवले, एकेक सुलटा केला आणि विचारलं, "यात काय आहे? किती दिलंत तर घ्याल?" 'जवळा' लिहिलेल्या कागदावर दोघींनी विचारलं, "खयचो?" म्हणजे कुठला, बाहेरचा का. 'गोलमो' वाचून कोणी प्रश्न विचारला नाही, सरळ भाव सांगितला. मात्र एका शिकलेल्या मुलीने छापील ओकारान्त शब्दाला हसून घेतलं, "नाटकातल्यासारखा वाटता."

निकाल: मोठ्या अक्षरांत इथला शब्द, पण प्रमाण रूपात: गोलमा, पेडवे, सुका बांगडा, सोडे. त्याखाली निम्म्या आकारात दुसरा शब्द: जवळा, तारली. शुद्ध मालवणी ओळ फक्त मागच्या बाजूला, पाककृतीत. बोली पुढच्या बाजूला मोठी लावली की बाहेरच्याला ती गंमत वाटते आणि घरच्याला नक्कल. मागे, हळद-तिखटाच्या मापाशेजारी ती तिच्या जागी बसते.

११ फेब्रुवारी

अक्षरं. ठळक नाव हाताने काढायचं, बाकी मजकूर मुक्ता या टंकात. टंक मोफत आहे, वजनं (अक्षराच्या जाडीचे प्रकार) अनेक आहेत आणि लहान आकारात वाचता येतो.

अडलेल्या गोष्टी:

'खाऱ्या बांगड्याचे' ही ओळ पहिल्या नमुन्यात 'खार्या' अशी आली. र्य आणि ऱ्य यांत मराठी माणूस गल्लत करत नाही, पण कळफलक करतो. नुक्त्याचा ऱ, मग हलन्त, मग य, असं टाइप केलं की ऱ्य बरोबर उमटतो. साधा र घेतला की रफार होऊन वर जातो. मजकूर आल्याबरोबर 'र्य' आणि 'र्ह' शोधून प्रत्येक जागा तपासायची. 'सूर्य' तसाच ठेवायचा, 'खाऱ्या' दुरुस्त करायचा.

ल आणि श. बऱ्याच टंकांत मूळ वळण हिंदीचं असतं. २००९च्या शासन निर्णयाने मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवला आहे. काही टंकांत ही रूपं आत दडलेली असतात, मजकुराची भाषा मराठी निवडल्याशिवाय बाहेर येत नाहीत. हाताने काढलेल्या नावात ल आहे, त्याला पाकळी दिली. वाडीत कोणी ते बोलून दाखवणार नाही, पण हिंदी वळणाचा ल असता तर पाकीट परगावचं वाटलं असतं.

इलस्ट्रेटर या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांचा कंपोझर (अक्षरं जुळवणारी सोय) चालू नसेल तर वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाते आणि जोडाक्षरं सुटतात. छापखान्यात अजून श्रीलिपी, म्हणजे युनिकोडच्या आधीची अक्षरपद्धत. युनिकोड मजकूर तिथे चिकटवला की चिन्हांचा सडा पडतो. म्हणून छपाईला जाणाऱ्या फाइलीत सगळी अक्षरं बाह्यरेषांत रूपांतरित करायची, आणि संपादन करता येणारी प्रत वेगळी जपायची. ती हरवली की पुढच्या वर्षी किंमत बदलायलाही सगळं नव्याने.

ओळींतलं अंतर इंग्रजीच्या हिशेबाने ठेवलं होतं. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला टेकत होता. अक्षराच्या आकाराच्या दीडपट केलं, मग मोकळं झालं.

२२ फेब्रुवारी

मागची बाजू, म्हणजे कायद्याची बाजू. रुक्ष काम, पण लेबल परत येतं ते इथल्या चुकीमुळे.

सक्तीचा तपशील इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत द्यावा लागतो. मराठी त्याच्या जोडीला चालते, त्याऐवजी चालत नाही. लिपी एकच असली तरी मराठी मजकूर हिंदी म्हणून मोजला जात नाही. सगळी सक्तीची माहिती इंग्रजीत एका चौकटीत घेतली, पुढची बाजू पूर्ण मराठी ठेवली.

पुढच्या बाजूचं '२०० ग्रॅम' देवनागरी आकड्यांत देखणं दिसत होतं. काढावं लागलं. वैधमापन कायद्यात आकडे भारतीय अंकांच्या आंतरराष्ट्रीय रूपातले लागतात, म्हणजे ज्यांना आपण इंग्रजी आकडे म्हणतो ते. देवनागरी आकडे पाककृतीत राहिले.

मांसाहाराचं चिन्ह: छापखान्याच्या साच्यात तपकिरी गोल होता. २०२०च्या लेबल नियमांनी तो बदलून तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण केला, रंगांधळ्या माणसालाही हिरव्या गोलापासून वेगळा ओळखता यावा म्हणून. जुने साचे अजून फिरतात.

ॲलर्जीची सूचना: मासे हा एक गट, कवचधारी प्राणी हा दुसरा. बांगडा आणि पेडव्यांवर मासे. गोलमा आणि सोड्यांवर कवचधारी. पण चारही जिनसा एकाच टेबलावर भरल्या जातात. म्हणून प्रत्येक लेबलावर दुसऱ्या गटाचा अंश असू शकतो अशी ओळ.

अन्न परवान्याचा १४ आकडी क्रमांक, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, दर ग्रॅमची किंमत, बॅच, पॅकिंगची तारीख, वापराची मुदत, पत्ता, तक्रारीसाठी फोन. 'अस्सल', 'पारंपरिक', 'नैसर्गिक' हे शब्द पुढून काढले. २०१८च्या जाहिरात व दाव्यांच्या नियमांत त्यांना अटी आहेत, आणि सुक्या मासळीला तसे शब्द चिकटवल्याने भाव वाढत नाही. भाव वाढतो तो रेव नसल्यामुळे.

५ मार्च

शिमगा. तिघींपैकी कोणीही भेटणार नाही. काम बंद.

१४ मार्च

पाकिटांच्या चाचणीचा निकाल. तीन प्रकार घेतले होते: खिडकीचं तपकिरी क्राफ्ट, पारदर्शक प्लास्टिक, आणि आतून चंदेरी थर असलेलं अपारदर्शक. बांगडा आणि गोलमा भरून २१ दिवस फळीवर, अर्धी पाकिटं उन्हाच्या तिरपेत.

क्राफ्ट सगळ्यांना आवडलं होतं, 'गावाकडचं' दिसतं म्हणून. पण बांगडा तेलकट मासा आहे. खिडकीतून उजेड आत जातो, तेल हवेशी आणि उजेडाशी मिळून खवट होतं. खिडकीसमोरचा बांगडा पिवळा पडला, मागचा ठीक होता. शिवाय कागदाचे कोपरे आताच मऊ झाले, जूनमध्ये काय होईल ते दिसतंच आहे. पेडव्यांनाही हाच नियम. गोलम्यात तेल कमी असल्याने त्याला खिडकी चालली असती, पण चार भावंडांत एकाला खिडकी आणि तिघांना नाही हे बरं दिसत नाही. सगळी अपारदर्शक.

आतला प्लास्टिकचा थर ५० मायक्रॉनचा होता. बांगड्याची सुकलेली शेपटी आणि परांचे काटे सुईसारखे, दोन पाकिटांना भोक. हवा काढून बंद केलेल्यांत जास्त, कारण प्लास्टिक काट्यावर ताणून बसतं. ७५ मायक्रॉन घ्यायचा, हवा पूर्ण काढायची नाही, आणि शेपटी कापून भरायची.

गोलम्याची अडचण वेगळी. त्याची भुकटी तोंडाशी चिकटते आणि सील तिथे पकडत नाही. बाहेरून बंद दिसतं, वास मात्र येत राहतो. वाणी सुकी मासळी ठेवायला नकार देतो तो या वासामुळे, चहा-साखरेला लागतो म्हणून. उपाय: रुंद तोंडाच्या नरसाळ्याने भरणं, आतली कड सुक्या फडक्याने पुसणं, सीलची पट्टी १० मिलिमीटर. झिपवर विसंबायचं नाही, ती पाकीट उघडल्यानंतरची सोय.

मापं: गोलमा १०० ग्रॅम हलका पण फुगीर, १५ बाय २२ सेंटिमीटरच्या उभ्या पाकिटात कसाबसा. बांगडा २०० ग्रॅम त्याच पाकिटात सैल. एकाच मापात चारही बसवायचा हट्ट सोडला, दोन मापं घेतली, लेबल मात्र एकच ठेवलं.

१६ मार्च

छापील पाकीट की साधं पाकीट आणि लेबल? ग्रॅव्हूर छपाईत प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर कोरावा लागतो, त्यामुळे हजारोंच्या खाली परवडत नाही. गटाची पहिली गरज चार जिनसा मिळून ६०० पाकिटं. लेबल ठरलं. कागदी क्रोमो घेतलं तर दमट हवेत कडा उचलतात, म्हणून प्लास्टिकचं, पीपी.

२४ मार्च

रंग. एसटी स्टँडबाहेरचे जुने फलक बघावे: तांबडं-पिवळं उडून गेलेलं, सगळं निळसर. छपाईच्या स्वस्त शाईत किरमिजी आणि पिवळी आधी उडतात, निळी आणि काळी टिकते. बाजारातलं टेबल दिवसभर उन्हात असतं. म्हणून ओळखीचा मुख्य रंग गडद निळा-काळा, आणि ज्या पट्टीवर जिन्नस ओळखायची तिलाच फक्त रंग. त्याशिवाय पट्टीच्या कडेला ठिपके: बांगड्याला एक, पेडव्याला दोन, गोलम्याला तीन, सोड्यांना चार. कोठीत अंधार असतो, चष्मा घरी राहिलेला असतो. रंग फिका पडला तरी ठिपके मोजता येतात.

चिन्हाची दुसरी फेरीही आजच. होडी घेतली, उलांडीसकट (तोल राखायला होडीच्या एका अंगाला बांधलेलं तरतं लाकूड). पडद्यावर होडी उजवीकडे तोंड करून बरी दिसते म्हणून चित्र उलटं केलं होतं; उलांडी दुसऱ्या अंगाला गेली. रापणीच्या होडीत बसलेल्या माणसाने एका नजरेत पकडलं. आता नियम लिहून ठेवला: चिन्ह उलटं करायचं नाही. १५ मिलिमीटरच्या खाली होडी काढून फक्त कमान आणि दोर.

६ एप्रिल

छापखान्याचं प्रूफ आलं. मोबाइलवर पाठवू नका म्हणून सांगितलं होतं, प्रत्यक्ष मापाची प्रत मागवली. पाकिटाला चिकटवून सहा फुटांवरून बघितलं.

मागचा बारीक मजकूर चार रंगांच्या मिश्रणाचा काळा निघाला. रंग केसभर सरकले की अनुस्वाराला सावली येते आणि 'ष्ट', 'क्ष' यांची पोटं बुजतात. बारीक अक्षर फक्त काळ्या शाईत. गडद पट्टीवरचं पांढरं 'सोडे' बारीक वाटलं, कारण शाई पसरून पांढऱ्याला खाते. तिथे एक वजन जाड घेतलं.

बारकोड निळ्या पट्टीवर टाकलेला होता. पांढऱ्या चौकटीत आणला, काळ्या रेघा. लाल किंवा नारिंगी रेघा कधीच नाहीत: स्कॅनरचा प्रकाश लाल असतो, त्याला त्या पांढऱ्याच दिसतात.

आणि 'खार्या' परत आलं. छापखान्यात कोणीतरी ओळ नव्याने टाइप केली होती. बाह्यरेषांची फाइल देऊनही हे होतं, म्हणून प्रूफवरच्या मराठी ओळी दर वेळी मोठ्याने वाचायच्या.

१९ एप्रिल

६०० लेबलं आली. तारखेचा शिक्का लेबलावर बसेना. चकचकीत थरावर रबरी शिक्क्याची शाई ओली राहते, माशाच्या तेलकट हाताने एका फटक्यात पुसली जाते. पुढच्या छपाईत तारखेच्या चौकटीपुरता वरचा थर काढायचा, खाली कोरा खरखरीत भाग ठेवायचा. या खेपेला चौकटीवर बारीक कागदी पट्टी चिकटवून त्यावर शिक्का. दिसायला ठिगळ, पण तारीख वाचता येते.

४ मे

पहिला बाजार. टेबलामागचा पडदा फ्लेक्सचा नाही, सुती कापडाचा, ६ बाय ३ फूट, वरच्या कडेला बांबू घालायला खोळ. वाऱ्यावर फ्लेक्स फटफटतो आणि घडी पडली की रेघ जात नाही.

पडद्यावरचं नाव लांबून वाचता आलं. टेबलावरच्या पाकिटांचं मात्र उलटं झालं: उभी पाकिटं वाऱ्याने मागे पडत होती, पुढची बाजू आकाशाकडे. लाकडी फळीला खाच पाडून त्यात तळ बसवला. आणि गिऱ्हाईक विचारतंय, "आतलं दिसत नाही, कसं घेऊ?" यावर बाजारात बसणारीने स्वतःच तोड काढली: प्रत्येक जिनसेची एक उघडी परडी पाकिटांसमोर. वास घ्या, मोडून बघा, मग बंद पाकीट उचला. खिडकी पाकिटाला नव्हती, ती टेबलावर आली.

२१ मे

गोलमा संपला, पेडवे सगळ्यात मागे राहिले. पाऊस लागायच्या आधी प्रत्येक जिनसेची तीन, अशी बारा भरलेली पाकिटं आधीच बाजूला काढली होती. सहा पडवीत टांगलेली, सहा आतल्या खोलीत. नारळी पौर्णिमेला उघडायची: लेबलाच्या कडा, सील, खवटपणा, पट्टीचा रंग, चारही तपासून मगच दुसऱ्या छपाईची मागणी. तोवर फाइलीत करायचे बदल: तारखेची कोरी चौकट, पेडव्यांच्या खालचं 'तारली' एक माप मोठं, 'खाऱ्या' पुन्हा तपासणे.